जंगलातून उचललेले ढालकिडे बागेत सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला गच्चीवरच्या बागेविषयीचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि घरच्या भाजीवर विषारी औषध मारायचं नाही हा त्यातला आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण शेवटी लेखकाने सुचवलं आहे की, अमेरिकेत जाळीच्या पिशवीत दीड हजार ढालकिडे (लेडीबग, म्हणजे मावा खाणारे लाल ठिपकेदार भुंगेरे) विकत मिळतात, तसे ते पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांतही मिळू लागावेत. हे पत्र त्या एका सूचनेबद्दल आहे. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. माझं माहेर तासगावचं, घरची द्राक्षबाग आणि थोडा ऊस. मावा आणि मिलीबग या झाडाचा रस शोषणाऱ्या किडी, आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकिडी, हे आमच्या घरात जेवताना बोलण्याचे विषय. म्हणून त्या पिशव्यांकडे मी शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीच्या नजरेनेच पाहते, आणि त्या भारतात येऊ नयेत असं मला कळकळीने वाटतं.

इथे वसंत ऋतू सुरू झाला की बागेच्या दुकानांत गल्ल्याशेजारी त्या मांडलेल्या असतात. काही दुकानांत छोट्या फ्रीजमध्ये ठेवतात. वर हिरवं पान, लाल भुंगेरा आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द. घेणाऱ्याला वाटतं, कोंबडीची पिल्लं जशी उबवणी केंद्रातून येतात तसे हे कुठल्यातरी प्रयोगशाळेत वाढवलेले असतील. तसं नाही. अमेरिकेत घरगुती बागांसाठी विकले जाणारे जवळजवळ सगळे ढालकिडे ‘हिप्पोडेमिया कन्व्हर्जन्स’ या एका जातीचे असतात आणि ते सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून गोळा करून आणलेले असतात.

त्यांचं वर्ष कसं जातं हे एकदा समजून घ्यायला हवं. कॅलिफोर्नियाच्या मधल्या सपाट खोऱ्यात वसंतात लसूणघास आणि इतर पिकांवर मावा वाढतो, तिथे त्यांची एक पिढी तयार होते. मे-जूनमध्ये ऊन वाढून मावा संपला की नवे भुंगेरे उंच उडतात आणि वाऱ्याबरोबर डोंगराकडे जातात. तिथे ते फुलांचे पराग खातात, अंगात चरबी साठवतात, आणि थंडीपूर्वी ओढ्याकाठच्या घळींत पालापाचोळ्याखाली, झाडांच्या बुंध्याशी, खडकांच्या फटींत हजारोंनी एकत्र जमतात. पुढचे कितीतरी महिने ते जवळजवळ काहीच खात नाहीत, साठवलेल्या चरबीवर जगतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊबदार दिवस आले की तिथेच त्यांचं मीलन होतं आणि मग ते पुन्हा खाली खोऱ्यात उतरतात, जिथे नवा मावा आलेला असतो. बर्कली विद्यापीठाच्या केनेथ हेगन यांच्यासारख्या कीटकशास्त्रज्ञांनी आयुष्यातली अनेक वर्षं घालवून हे चक्र उलगडलं.

गोळा करणारे नेमके त्या जमावावर जातात. थंडीने सगळे निश्चल असतात, एकही उडत नाही, त्यामुळे पाचोळ्यासकट ओंजळीने पोत्यात भरता येतात. मग चाळून, कचरा वेगळा करून शीतगृहात ठेवायचे आणि मागणी येईल तसे पाठवायचे. त्यांचं माप गॅलनने होतं, एका गॅलनमध्ये साधारण ७०-८० हजार. म्हणजे हिवाळाभर पुरवायची शिदोरी पोटात घेऊन निजलेला एक जीव उचलला जातो, मधेच उबेत आणला जातो, पुन्हा गार केला जातो. दर वेळी त्या शिदोरीतलं काही खर्च होतं. पिशवीच्या तळाशी मेलेल्यांचा थर दिसतो तो त्यामुळे.

आता हे बागेत सोडल्यावर काय होतं? बहुतेक उडून जातात. त्यांच्या शरीराला अजून मावा खायचा नसतो, आधी लांब उडायचं असतं. निसर्गाने त्यांना डोंगरातून खोऱ्यापर्यंतच्या प्रवासासाठी सज्ज केलेलं असतं, आपल्या कुंपणाची त्यांना काय कल्पना! हे नव्याने कळलेलं नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कॅलिफोर्निया सरकारनेच खरबुजाच्या शेतांसाठी डोंगरांतून ढालकिडे गोळा करून वाटले होते, आणि सोडलेले भुंगेरे त्या शेतात टिकत नाहीत हे तेव्हाच्या निरीक्षणांतून पुढे आलं. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी अलीकडच्या काळात मावा लागलेल्या गुलाबावर प्रयोग केले. संध्याकाळी, पाणी शिंपडून, झाडाच्या बुंध्याशी सोडले तर काही थोडे दिवस थांबतात आणि मावा कमी करतात, पण त्यासाठी माव्याने भरलेल्या एकाच मोठ्या गुलाबाला सुमारे १,५०० ढालकिडे, आणि आठवड्याने पुन्हा तेवढेच लागतात. अख्खी पिशवी एका झुडपाला! आणि ग्राहकाला वाटतं की अख्ख्या बागेची सोय झाली.

कुणी म्हणेल, उडून गेले तर गेले, शेजारच्या बागेत मावा खातील, यात वाईट काय? मलाही हा प्रश्न इथल्या मराठी मैत्रिणींनी अनेकदा विचारला आहे. उत्तर असं की ते एकटे जात नाहीत. या भुंगेऱ्यांच्या पोटात ‘डिनोकॅम्पस’ नावाची एक गांधीलमाशीच्या कुळातली बारीक परजीवी माशी वाढत असू शकते. ती जिवंत भुंगेऱ्याच्या अंगात अंडं घालते. अळी आत वाढते, बाहेर येऊन त्याच्याच पायांखाली कोष विणते, आणि तो अर्धमेला भुंगेरा त्या कोषावर तसाच उभा राहतो. शिवाय मायक्रोस्पोरिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी असतात, त्यांनी आयुष्य आणि अंडी दोन्ही घटतात. विकत घेतलेल्या ढालकिड्यांच्या तपासणीत हे दोन्ही सापडलेलं आहे. हे रोग निसर्गात असतातच, पण हजारोंना एका पोत्यात कोंडून कुरियरने देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवणं निसर्गात नसतं. फ्लोरिडातल्या परसात आपोआप आलेल्या चार ढालकिड्यांच्या मधोमध सिएरा नेवाडाचे हजार आणून ओतायचे, तेही न तपासता, हा त्या चौघांवर अन्याय आहे असं मला वाटतं. झर्सीस सोसायटी ही इथली कीटकसंवर्धनाची मान्यवर संस्था. तीही रानातून गोळा केलेले ढालकिडे विकत घेऊन सोडू नका असंच सांगते.

मुलांच्या वाढदिवसाला ढालकिडे सोडण्याची इथे पद्धत पडली आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिचा होतो. केक कापून झाला की प्रत्येकाच्या हातावर पिशवीतून थोडे थोडे ठेवायचे, फोटो काढायचे. मुलं आनंदाने किंचाळतात, काही घाबरून हात झटकतात, काही भुंगेरे गवतात पायाखाली जातात. भर दुपारी, उन्हात, तहानलेले जीव. मी जिथे रविवारी शिकवायला जाते त्या मराठी शाळेतही एका वर्षी वसुंधरा दिनाला असा कार्यक्रम करावा असं पालकांनी सुचवलं होतं. हेतू चांगलाच होता. मी ठाम नाही म्हटलं आणि त्याऐवजी हिवाळ्यात मुलांना ओकलंडच्या टेकड्यांतल्या रेडवुड रीजनल पार्कमध्ये नेऊ या असं सुचवलं. तिथे ओढ्याकाठच्या पायवाटेवर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हेच ढालकिडे जमलेले असतात. नेच्यांच्या पानांवर, पडलेल्या ओंडक्यांवर, कुंपणाच्या खांबांवर, जणू कुणाच्या हातून डाळिंबाचे दाणे सांडलेत. त्या बागेतून काही उचलायला मनाई आहे. आमची मुलं उकिडवी बसून बघत राहिली. एकाने विचारलं, “हे सगळे एकमेकांना कसे शोधतात?” गंधाने, असं शास्त्रज्ञ मानतात. दरवर्षी नवी पिढी, जिने ती जागा कधी पाहिलेली नसते, ती तिथेच येते. हे मुलांना सांगताना मला जो आनंद झाला तो पिशवी उघडून झाला नसता, हे मी खात्रीने सांगते.

लेखकाच्या मनात बहुधा ढालकिड्यांचा जुना पराक्रम असावा, आणि तो खराच आहे. १८८८-८९ साली कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने संपत चालल्या होत्या. आल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातून ‘रोडोलिया’ नावाचा इवलासा ढालकिडा पाठवला. पहिल्या खेपांतून जिवंत पोहोचलेले फक्त १२९ होते. लॉस एंजेलिसमध्ये एका संत्र्याच्या झाडावर तंबू ताणून त्यात ते सोडले, ते वाढले, शेतकऱ्यांनी फांद्या तोडून एकमेकांना दिल्या, आणि वर्ष-दोन वर्षांत ती कीड आटोक्यात आली. पुढे हाच भुंगेरा निलगिरीतही आणला गेला. पण त्या यशात आणि पिशवीत काय साम्य आहे? रोडोलिया ठरावीक किडीवर जगणारा, ती कीडही त्याच्याच मुलखातून आलेली, आणि तो झाडावर राहून पिढ्या वाढवणारा होता. १२९ पुरले ते म्हणून.

त्या यशाच्या भरात पुढे जे घडलं ते कमी सांगितलं जातं. आशियातला ‘हार्मोनिया’ हा मोठा, खादाड ढालकिडा अमेरिकेत १९१६ पासून अनेकदा सोडला गेला. १९८८ मध्ये तो लुइझियानात रानात स्थिरावलेला आढळला आणि मग देशभर पसरला. युरोपात तर तो हरितगृहांसाठी विकला जात होता. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचला आणि तिथला दोन ठिपक्यांचा मूळ ढालकिडा झपाट्याने घटला. हार्मोनिया दुसऱ्या ढालकिड्यांची अंडी आणि अळ्या खातो. शिवाय स्वतःला न बाधणारे परजीवी तो अंगात वागवतो आणि ते त्याची अंडी खाणाऱ्या इतर जातींना मारतात, हे २०१३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं. शरद ऋतूत तो घराघरांत शिरतो, द्राक्षांच्या घडांत लपून वाइनची चव बिघडवतो. तो परत नेता येत नाही.

दुसरं उदाहरण तर आपल्या ओळखीच्या किड्याचं आहे. सात ठिपक्यांचा लाल ढालकिडा आपल्याकडे रब्बीत गव्हावर, करडईवर सहज दिसतो. तो आपल्याकडचाच आहे आणि माव्यावर त्याचं काम उत्तम चालतं. अमेरिकेने तो मुद्दाम आणून अनेकदा सोडला. १९७३ मध्ये न्यू जर्सीत तो रुजल्याचं दिसलं. त्यानंतरच्या काळात अमेरिकेचा स्वतःचा नऊ ठिपक्यांचा ढालकिडा पूर्वेकडून नाहीसा होत गेला. कारणं एकाहून जास्त असतील, पण जागा आणि अन्न या पाहुण्याने घेतलं असं अनेक अभ्यासक मानतात. न्यूयॉर्क राज्याने १९८९ साली नऊ ठिपक्यांच्या ढालकिड्याला राज्यकीटक म्हणून घोषित केलं, तेव्हा तो त्या राज्यात कुणाला दिसतही नव्हता. २०११ मध्ये लाँग आयलंडवरच्या एका शेतात तो पुन्हा सापडला तेव्हा कीटकप्रेमींना केवढा आनंद झाला! आपल्या शेतातला भला माणूस दुसऱ्याच्या शेतात असं करू शकतो.

मी मित्रकिडींच्या विरुद्ध आहे असा अर्थ कृपया कुणी काढू नये. त्यांनी आमचं घर वाचवलेलं आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हाचे दिवस आमच्या भागातलं कुणी विसरणार नाही. पानांच्या खालची बाजू पांढरीशुभ्र, वरून चिकट काळी, फडात शिरलं की कपड्यांना पांढरं लागायचं. औषध मारून मारून माणसं थकली. त्याला आवर घातला तो ‘डिफा’ या पतंगाच्या मावा खाणाऱ्या अळीने आणि ‘मायक्रोमस’ या दुसऱ्या मित्रकिडीने. कृषी विद्यापीठं, साखर कारखाने, कृषी खातं यांनी शेडनेटमध्ये डिफा वाढवला. आमचे आण्णा शेजारच्या गावातून डिफाच्या अळ्या असलेली उसाची पानं आणून आपल्या फडात पाल्याला बांधायचे. ती अळी आपल्याच मातीतली होती, तिचं अन्न तिथे समोर होतं, आणि ती तिथेच थांबत होती.

पपईवरचा मिलीबग २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि तिथून पसरत महाराष्ट्रातही आला. तेव्हा बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये प्युएर्तो रिकोहून ‘एसेरोफॅगस’ ही बारीक परजीवी माशी आणली. आधी विलगीकरणात ठेवून तपासली, दुसऱ्या उपयुक्त किड्यांना तिचा धोका नाही याची खात्री केली, सरकारी परवानगी घेतली, मग सोडली. पपई वाचली. आणि ‘क्रिप्टोलिमस’ हा तपकिरी डोक्याचा ढालकिडा तर १८९८ मध्येच ऑस्ट्रेलियातून भारतात आला. आज तो लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवून, त्यावर पोसून तयार केला जातो. सीताफळवाले, द्राक्षवाले तो घेतात. माझा धाकटा भाऊ बागेत तो सोडण्याआधी खोडाची सुटलेली साल काढतो, मुंग्यांचा बंदोबस्त करतो, आणि नंतर औषध मारत नाही. अशा पैदास केलेल्या, तपासलेल्या, कामाच्या किड्यासमोर कामाची जागा ठेवून सोडलेल्या भुंगेऱ्याला माझा काहीही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो रानातली झोप मोडून आणलेल्या जिवाला फवाऱ्याच्या बाटलीसारखं विकण्याला. आपल्याकडे मागणी निर्माण झाली की कुणीतरी सह्याद्रीतल्या नाहीतर हिमालयातल्या जमावांवर पोती घेऊन जाईल, किंवा परदेशातून कुरियरने मागवील, याची मला खरी भीती आहे. बाहेरून जिवंत कीटक आणायला परवाना लागतो, पण इंटरनेटवरून बिया मागवणारे हौशी लोक परवाने विचारत नाहीत हे आपण बघतोच.

मग गच्चीवरच्या मिरचीला, जास्वंदीला, गुलाबाला मावा लागला तर काय करायचं? कुंड्यांत तर हे फारच सोपं आहे. सकाळी पाण्याची जोरदार धार शेंड्यांवर मारा, पानं उलटी करून मारा. पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढत नाही. दोन-तीन दिवसांआड पुन्हा करा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवली की रांग तुटते. नत्राची खतं बेताने द्या, कोवळी लुसलुशीत वाढ माव्याला आवडते. कोपऱ्यात कोथिंबीर, बडीशेप, शेपू फुलावर जाऊ द्या, त्या फुलांवर ढालकिडे आणि सिरफिड माश्या (यांच्या अळ्याही मावा खातात) येतातच, पुण्यात काय आणि मुंबईत काय. आणि थोडा मावा राहू द्या. एखाद्या झाडावर मावा नसेल तर ढालकिड्याने अंडी कशासाठी घालायची?

सगळ्यात मोठं नुकसान मात्र अजाणता होतं. ढालकिड्याची अळी लाल गोल भुंगेऱ्यासारखी अजिबात दिसत नाही. काळपट, लांबट, काटेरी, अंगावर नारिंगी-पिवळे ठिपके, सहा पायांवर भराभर चालणारी. पाहून कुणालाही वाटावं की हीच झाड खाते आहे. ती खरं तर भुंगेऱ्याइतकीच, कधी जास्त मावा खाते, आणि पंख नसल्यामुळे कुठे उडूनही जात नाही. क्रिप्टोलिमसची अळी तर अंगभर पांढरे मेणाचे धागे घेऊन फिरते, हुबेहूब मिलीबगसारखी, आणि साबणाच्या पाण्याने मिलीबगबरोबरच पुसली जाते. पुण्याला माझ्या आत्याच्या गच्चीत मी अशा अळ्या चिमटीत धरून मारताना त्यांना पाहिलं, आणि हात धरून थांबवलं. पानाखाली उभी, पिवळी, टोकदार अंडी पुंजक्याने दिसली तर तीही ढालकिड्याचीच असतात, ती धुऊन टाकू नका.

म्हणून संपादक महोदय, माझ्या दोन मागण्या आहेत. पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या सूचनेसोबत हे ढालकिडे कुठून येतात हेही छापावं. आणि जागा असेल तर पाऊण पानाचा रंगीत फोटो द्यावा: अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा, शेजारी शेजारी, सहा ठिपक्यांचा नागमोडी पट्ट्यांचा आणि सात ठिपक्यांचा, दोन्ही आपल्याकडचे. आपल्या कृषी महाविद्यालयांतले कीटकशास्त्राचे प्राध्यापक असे फोटो आनंदाने देतील. वाचकांनी तो कापून गच्चीच्या दारामागे चिकटवावा.

आपली,
एक वाचक
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया (मूळ गाव तासगाव, जि. सांगली)